बर्ड फ्लूचे सर्वेक्षण : पहिली खबर शेडमधूनच, मग ती उशिरा का येते?

जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर शहरात कावळे मरून पडू लागले. एका ठिकाणी नाही, शहराच्या वेगवेगळ्या भागांत. पन्नासहून अधिक कावळे मेल्यावर नमुने भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेकडे गेले आणि एच५एन१ म्हणजे बर्ड फ्लूचे निदान झाले. त्याच महिन्यात रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यातील चिरनेर येथे कोंबड्यांमध्ये हाच रोग सापडला. त्याच्या आधी काही आठवडे, डिसेंबर २०२४ मध्ये, नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले होते. त्यांच्या नमुन्यांतही एच५एन१ निघाला.

या तिन्ही बातम्या तुम्ही वाचल्या असतील. वाचून आपण काय केले? बहुतेकांनी आठवडाभर चिकन बंद केले, पोल्ट्रीवाल्यांनी दर पडतील म्हणून कपाळाला हात लावला आणि महिन्याभरात विषय मागे पडला. थंडीत पाहुणे पक्षी जलाशयांवर उतरले, की हा विषय दर वर्षी पुन्हा समोर येतो. म्हणून एका मुद्द्याबद्दल सविस्तर लिहितो आहे. हा रोग पकडायची जी यंत्रणा आहे, तिचा पहिला दुवा तुम्ही आहात. पोल्ट्रीधारक, परसात दहा कोंबड्या पाळणारी बाई, बांधावर मेलेला कावळा पाहणारा शेतकरी, गावात फिरणारा कृषी सहायक. प्रयोगशाळा शेवटी येते. पहिला दुवा गप्प बसला, तर पुढच्या साखळीला काही कळण्याचा मार्गच उरत नाही.

मी पिकांचा माणूस आहे, पशुवैद्य नाही. रोगाच्या उपचाराबद्दल किंवा लसीबद्दल सल्ला देणे माझे काम नाही. पण सर्वेक्षण कशाने चालते आणि कशाने बंद पडते, हे मी कीड-रोगांच्या बाबतीत पंधरा-वीस वर्षे जवळून पाहिले आहे. तिथूनच सुरुवात करतो.

क्रॉपसॅप का चालते?

२००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला, तो अनेकांना आठवत असेल. पाने चाळणीसारखी झाली तेव्हा यंत्रणा जागी झाली. त्यातून धडा घेऊन २००९-१० पासून राज्यात क्रॉपसॅप म्हणजे कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. ठरावीक प्लॉट, ठरलेले दिवस, झाडावरच्या अळ्यांची मोजणी, कामगंध सापळ्यातील पतंगांची नोंद. आकडे आर्थिक नुकसानीच्या पातळीजवळ गेले, की सल्ला निघतो. त्यात त्रुटी आहेत, कागदावर भरलेली निरीक्षणे मीही पाहिली आहेत, पण मूळ रचना चांगली आहे.

ती चालण्याचे एक साधे कारण आहे. तुमच्या कपाशीत गुलाबी बोंडअळी सापडली आणि तुम्ही ती कळवली, तर तुमचे काही जात नाही. कोणी येऊन शेत नांगरून टाकत नाही. शेजाऱ्याची कपाशी उपटत नाही. बाजारात 'अमुक गावचा कापूस घेऊ नका' अशी आवई उठत नाही. उलट सल्ला मिळतो, कधी औषध अनुदानावर मिळते. कळवणाऱ्याला खर्च शून्य आणि थोडाफार फायदा, हे गणित असल्यामुळे माहिती वर जाते. लष्करी अळीच्या वेळीही तेच झाले. मे २०१८ मध्ये ती कर्नाटकात नोंदली गेली, सप्टेंबरमध्ये सोलापूर जिल्ह्यात मक्यावर सापडली. शेतकरी स्वतः पोंग्यातील अळ्या पिशवीत घालून आमच्याकडे आणत होते. लपवण्याचा विचारही कोणाच्या मनात नव्हता.

आता हेच गणित कोंबड्यांच्या शेडला लावा.

पोल्ट्रीधारकाचा प्रश्न

एका शेतकरी मेळाव्यात मी असेच कळवण्याचे महत्त्व सांगत होतो. मागच्या रांगेतून एक पोल्ट्रीधारक उठले. म्हणाले, "साहेब, शंभर पक्षी मेले आणि मी फोन केला, तर उरलेले चार हजार नऊशे तुम्ही मारणार. आजूबाजूच्यांचे पण मारणार. गाव मला शिव्या घालणार. तुम्ही माझ्या जागी असता तर फोन केला असता का?" सभागृहात हशा पिकला. मी काहीतरी उत्तर दिले, पण ते उत्तर चांगले नव्हते हे मला तेव्हाच कळले.

त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. बर्ड फ्लू निश्चित झाला, की केंद्राच्या कृती आराखड्यानुसार बाधित ठिकाणापासून १ किलोमीटर परिघातील सर्व कोंबड्या-बदके मारून पुरली जातात. निरोगी असोत वा आजारी. अंडी आणि खाद्यही नष्ट केले जाते. १० किलोमीटरपर्यंतचा भाग सर्वेक्षण क्षेत्र होतो, तिथून नमुने घेतले जातात, पक्ष्यांची ने-आण थांबते. शेड धुऊन, निर्जंतुक करून काही महिने रिकामी ठेवावी लागते. या तीव्र प्रकाराच्या बर्ड फ्लूविरुद्ध कोंबड्यांना लस देण्याचे धोरण आपल्याकडे नाही. मारून विल्हेवाट लावणे हाच मार्ग आहे. म्हणजे एका फोनची किंमत पूर्ण बॅच, पुढची एखादी बॅच आणि शेजाऱ्यांशी असलेले संबंध.

शिवाय अफवेची भीती वेगळी. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकनमधून कोरोना होतो, अशी खोटी बातमी पसरली आणि दर इतके कोसळले, की काहींनी पक्षी फुकट वाटले. त्या बातमीला कसलाही आधार नव्हता. हे ज्याने सोसले आहे, त्याला 'घाबरू नका, कळवा' एवढे सांगून भागत नाही.

भरपाईचे गणित नीट मांडून पाहा

तरीही एक गोष्ट मेळाव्यात मी सांगायला हवी होती, ती इथे सांगतो. भरपाई मिळते ती मारलेल्या पक्ष्यांची. यंत्रणा येण्याआधी रोगाने मेलेल्या पक्ष्यांची नाही. या एका नियमात सगळे आले.

२०२१ च्या साथीच्या वेळी जे दर लागू होते, ते असे: अंड्यावरचा आठ आठवड्यांवरील पक्षी ९० रुपये, त्याहून लहान पिलू २० रुपये, मांसल कोंबडी सहा आठवड्यांपर्यंत २० रुपये, त्यावरील ७० रुपये, अंडे ३ रुपये, खाद्य किलोला १२ रुपये. खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. दर बदलत असतात, म्हणून सध्याचा दर तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून विचारून घ्या. इथे हिशेबापुरते २०२१ चे दर धरू.

समजा, तुमच्याकडे ५,००० लेयर पक्षी आहेत. ४० मेल्यावर तुम्ही कळवले. उरले ४,९६०. प्रत्येकी ९० रुपयांनी भरपाई ४ लाख ४६ हजार ४०० रुपये. आता समजा, 'बघू दोन दिवस' करत तुम्ही थांबलात आणि १,५०० मेले. उरले ३,५००, भरपाई ३ लाख १५ हजार. थांबण्याची किंमत १ लाख ३१ हजार ४०० रुपये. एच५एन१ शेडमध्ये शिरला, की दोन-तीन दिवसांत निम्मी शेड जाऊ शकते. पक्षी वाचवण्यासाठी थांबावे, असा यात पर्यायच नाही. पक्षी जाणारच आहेत. प्रश्न फक्त भरपाईसह की भरपाईविना, एवढाच आहे.

हे मान्य करूनही दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, ९० रुपये ही रक्कम तोकडी आहे. अंड्यावर आलेली तलंग तयार करायला येणारा खर्च याच्या कितीतरी पट आहे, आणि बंद पडलेल्या महिन्यांचे उत्पन्न, बँकेचा हप्ता, मजुरांचा पगार यांतले काहीही या दरात धरलेले नाही. रोग दडवला जाऊ नये असे सरकारला वाटत असेल, तर दर बाजाराच्या जवळ नेणे हा सर्वेक्षणाचाच खर्च मानला पाहिजे. औषधे आणि प्रयोगशाळा यांच्यावरच्या खर्चाइतकाच तो गरजेचा आहे.

दुसरी गोष्ट करार पद्धतीची. आज ब्रॉयलरचा मोठा हिस्सा करारावर चालतो. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी, तूस आणि राबणे तुमचे. पक्षी कंपनीचे असल्याने भरपाई कोणाच्या नावावर जाईल आणि तुमच्या वाढवणुकीच्या दराचे काय होईल, हे तुमच्या करारात लिहिलेले असले पाहिजे. बऱ्याच करारांत रोगाने मरतूक झाल्यास काय, एवढेच असते. सरकारी आदेशाने पक्षी मारले तर काय, हे नसते. ज्याला फोन करून एक रुपयाही मिळणार नाही, त्याच्याकडून फोनची अपेक्षा कशी ठेवायची? बॅच घेण्याआधी सुपरवायझरला हा प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. पाच-दहा शेतकऱ्यांनी मिळून विचारले, तर उत्तर लवकर मिळते.

नंदुरबारने दोनदा पाहिले

भारतात बर्ड फ्लूची पहिली अधिकृत नोंद महाराष्ट्रातली आहे. १८ फेब्रुवारी २००६, नवापूर, जिल्हा नंदुरबार. गुजरात सीमेवरचा हा पोल्ट्रीचा पट्टा. निदान जाहीर होण्याआधी बरेच दिवस तिथे कोंबड्या मरत होत्या आणि तो राणीखेत म्हणजे मानमोडीच असावी, असा समज होता. समज चुकीचा असला तरी अनाकलनीय नव्हता, कारण दोन्ही रोगांत सुरुवातीची लक्षणे मिळतीजुळती असतात आणि मानमोडी सगळ्यांच्या ओळखीची. पुढे लाखो पक्षी मारावे लागले. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांत रोग सापडला.

पंधरा वर्षांनी, २०२१ च्या सुरुवातीला, पुन्हा तेच. आधी जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या आणि ११ जानेवारीला निदान पक्के झाले. फेब्रुवारीत पुन्हा नवापूर, पुन्हा लाखो पक्षी.

मुरुंबा मला महत्त्वाचे वाटते. गावातल्या एका शेडमध्ये मरतूक झाली, खबर बाहेर पडली, नमुने गेले आणि काही दिवसांत उत्तर आले. ८०० पक्षी मेल्यावर कळणे म्हणजे लवकर कळणे नव्हे. पण खबर आली म्हणून तिथल्या परिघात काम सुरू झाले. शेडमालकाने मेलेले पक्षी रात्री ओढ्यात टाकले असते आणि उरलेले पडेल भावात टेम्पोत भरले असते, तर तो विषाणू त्याच टेम्पोतून, त्याच क्रेटमधून पुढच्या चार तालुक्यांत गेला असता. हे काल्पनिक नाही. बर्ड फ्लू एका फार्मवरून दुसऱ्यावर जातो तो बहुतेक वेळा माणसांच्या चपला, गाड्यांची चाके, अंड्यांचे ट्रे आणि पिंजरे यांच्याबरोबर. पाहुणे पक्षी विषाणू परिसरात आणतात. पुढे तो आपणच फिरवतो.

कावळा कोणाच्या खात्यात येतो?

उदगीरच्या घटनेत लक्ष वेधणारी बाब वेगळी आहे. तिथे खबर कावळ्यांनी दिली. कावळा मेलेले खातो, उकिरड्यावर टाकलेली कोंबडीची आतडी-पिसे खातो, म्हणून परिसरात विषाणू फिरत असेल तर तो कावळ्याला आधी गाठू शकतो. आपल्या भाषेत कावळा हा फुकटचा कामगंध सापळा आहे. सापळ्यात आठ-दहा पतंग सलग दिसले, की आपण बोंडे फोडून पाहतो. तसेच एकाच ठिकाणी तीन-चार कावळे, बगळे किंवा साळुंक्या मेलेल्या दिसल्या, तर शेडकडे लक्ष द्यायचे.

अडचण अशी, की मेलेला कावळा कोणाचाच नसतो. कोंबडी पशुसंवर्धनची, वन्यपक्षी वन विभागाचा, रस्त्यावरचे मृत जनावर नगरपालिकेचे आणि आजारी माणूस आरोग्य विभागाचा. चार खाती, चार रजिस्टर. गोरेवाड्यातील वाघ मेले तेव्हा हे सगळ्यांच्या लक्षात आले, कारण वाघाची बातमी होते. कावळ्याची होत नाही. माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकत्र पाहायचे, या 'वन हेल्थ' विचारावर केंद्राने राष्ट्रीय मोहीम आखली आहे आणि त्यासाठीच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरलाच झाली. दिशा बरोबर आहे. पण संस्था नागपुरात उभी राहिली, तरी औसा किंवा अक्कलकुव्यातील मेलेला कावळा तिथपर्यंत आपोआप पोहोचणार नाही. त्यासाठी गावपातळीवर एकच नंबर आणि एकच माणूस लागतो.

कायद्याने तो माणूस ठरलेला आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा, २००९ नुसार अनुसूचित रोगाचा संशय आला, तर जनावराच्या मालकाने, सांभाळणाऱ्याने आणि ग्रामपंचायतीनेही ती खबर द्यायची असते; ग्रामपातळीवरून ती जवळच्या पशुवैद्यकाकडे जाते. बर्ड फ्लू त्या अनुसूचीत आहे. म्हणजे कळवणारा माणूस गावाशी वैर करत नाही, कायद्याने सांगितलेले काम करतो. ग्रामसभेत हे एकदा मोठ्याने वाचून दाखवावे, असे मी प्रत्येक कृषी सहायकाला सुचवेन. पहिल्या फोनचा दोष एका माणसावर येऊ नये, यासाठी ग्रामपंचायतीने स्वतः कळवण्याची पद्धत पाडली, तर मेळाव्यातल्या त्या पोल्ट्रीधारकाचा निम्मा प्रश्न सुटतो.

अमेरिकेच्या गोठ्यात काय झाले

आपल्याकडेच लोक माहिती दडवतात, असे समजण्याचे कारण नाही. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत टेक्सास आणि कॅन्सस राज्यांतील दुधाळ गायींमध्ये एच५एन१ सापडला. गायी चारा कमी खात होत्या, दूध घटले होते, घट्ट आणि पिवळसर येत होते. कारण कळेना. काही गोठ्यांवर मांजरे मरू लागली, कच्चे दूध पिणारी. तिथून पशुवैद्यकांचा संशय बर्ड फ्लूकडे वळला. मांजराने जे सांगितले, ते आपल्याकडे कावळ्याने सांगितले.

त्यानंतर मात्र अनेक गोठामालकांनी तपासणीला नकार दिला. रोग जाहीर झाला तर दुधाचा ग्राहक जाईल, गायी राज्याबाहेर विकता येणार नाहीत, ही भीती. मजूर तपासणीला येईनात, कारण आजारी ठरलो तर रोजगार बुडेल. २४ एप्रिल २०२४ ला केंद्रीय आदेश निघाला, की दुसऱ्या राज्यात नेण्याआधी दुधाळ गायीची तपासणी सक्तीची. पुढे सरकारने दूध घटल्याची भरपाई देण्याची योजना आणली. जुलैमध्ये कोलोरॅडो राज्याने प्रत्येक डेअरीच्या टाकीतील दुधाचा दर आठवड्याला नमुना सक्तीचा केला आणि डिसेंबरमध्ये केंद्राने देशभर दुधाच्या नमुन्यांची तपासणी सुरू केली.

यातला शेवटचा उपाय शिकण्यासारखा आहे. टाकीतल्या दुधाचा नमुना घेतला, की कोणी कळवण्याची वाट पाहावी लागत नाही आणि पहिला फोन कोणी केला हा प्रश्नही उरत नाही. सगळ्यांचे नमुने जातात, म्हणून कोणावर बोट ठेवले जात नाही. आपल्या दूध संकलन केंद्रांवर उद्यापासून अशी चाचणी हवी, असे माझे म्हणणे नाही. पण जिवंत कोंबड्यांचे बाजार, कत्तलखाने आणि मोठ्या फार्मचे सांडपाणी इथून ठरलेल्या दिवशी नमुने घेणे आपल्याला शक्य आहे. सरकारी यंत्रणा असे काही नमुने घेतेच. त्यांची संख्या आणि नियमितता वाढली, तर शेतकऱ्याच्या धैर्यावर असलेला भार कमी होईल. क्रॉपसॅपमध्येही ठरावीक प्लॉटची निरीक्षणे असतात, ती याचसाठी.

माणसांची बाजू

बर्ड फ्लू माणसाला सहजी होत नाही. झाला तर मात्र वाईट. २००३ पासून जगभरात एच५एन१ चे ९०० हून अधिक मानवी रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले निम्म्याच्या आसपास दगावले. भारतात २०२१ मध्ये हरियाणातील ११ वर्षांचा मुलगा दिल्लीच्या एम्समध्ये गेला. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात दोन वर्षांची मुलगी. नीट शिजवलेल्या चिकन-अंड्यातून धोका नाही, ७० अंश तापमानाला विषाणू मरतो. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळणाऱ्याला, कापणाऱ्याला, कच्चे मांस लहान मुलांच्या हाती लागणाऱ्या घराला.

माणसांतील साथींसाठी आपल्याकडे २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविका लक्षणांवरून नोंद करते, डॉक्टर संशयित निदानाची, प्रयोगशाळा पक्क्या निदानाची. ही माहिती आता संगणकावर रोजच्या रोज वर जाते. एका आठवड्यात एका गावातून तापाचे आकडे अचानक वाढले, की जिल्ह्याला दिसते. पण या यंत्रणेला रुग्णाचा व्यवसाय दिसत नाही, तो सांगावा लागतो. ताप-खोकला-धाप घेऊन दवाखान्यात गेलेला माणूस 'माझ्या शेडमध्ये चार दिवसांपूर्वी पक्षी मेले' हे डॉक्टरला बहुधा सांगत नाही. त्याला ते संबंधित वाटत नाही किंवा सांगायची भीती वाटते. डॉक्टर साधा फ्लू समजून गोळ्या देतो. ते एक वाक्य सांगितले, तर घशाचा नमुना घेतला जाऊ शकतो, औषध वेळेवर सुरू होते आणि घरच्यांवर लक्ष ठेवता येते. पक्षी मारण्याच्या कामावर जाणाऱ्या पथकाला संरक्षक पोशाख आणि प्रतिबंधक औषध दिले जाते, नंतर दहा दिवस त्यांच्या तब्येतीवर लक्ष असते. शेडमालक, त्याची बायको आणि मजूर यांना मात्र पथक येईपर्यंतचे दिवस उघड्या हातांनी काढावे लागतात. त्यांनी स्वतःहून दहा दिवस ताप मोजावा.

शेडवर काय पाहायचे

सर्वेक्षण म्हणजे शेवटी नोंद. शेडच्या दारात एक वही टांगा आणि रोज तीन आकडे लिहा: किती पक्षी मेले, किती पाणी प्यायले, किती खाद्य खाल्ले. लेयर असतील तर अंडी. बहुतेकांकडे मरतुकीची नोंद असते, पाण्याची नसते. आणि पक्षी आजारी पडायला लागले, की बहुधा आधी पाणी आणि खाद्य घटते, मरतूक नंतर दिसते. पाण्याच्या टाकीवर रंगाने खुणा केल्या तरी पुरे.

रोज तीन-चार पक्षी मरणाऱ्या शेडमध्ये एका दिवशी पंधरा मेले, दुसऱ्या दिवशी चाळीस, तर तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. डोके-डोळे सुजणे, तुरा आणि गलोल निळसर-जांभळे पडणे, पायांवर लाल ठिपके, पातळ किंवा बिनकवचाची अंडी, अंडी एकदम घटणे, काही वेळा कोणतेच लक्षण न दिसता ढीगच्या ढीग मरणे, ही बर्ड फ्लूची चिन्हे आहेत. मानमोडीत मान वाकडी होणे, लकवा, हिरवट हगवण ठळक दिसते. पण डोळ्यांनी या दोन रोगांत फरक करण्याच्या फंदात पडू नका. पशुवैद्यकही नमुन्याशिवाय सांगत नाहीत. लसीकरण झालेल्या कळपात मानमोडीसारखी मरतूक दिसली, तर संशय जास्तच धरा.

मेलेला पक्षी स्वतः फाडून पाहू नका. हातमोजे नसतील तर हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून तो दुसऱ्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि सावलीत, कुत्र्या-मांजरांपासून दूर ठेवा. नमुना घ्यायला येणाऱ्यांना ताजा मेलेला पक्षी लागतो. कुजलेल्यातून निदान अवघड जाते. म्हणून सगळे पुरून मग फोन करू नका. शेडमधून पक्षी, अंडी, खत, ट्रे, काहीही बाहेर जाऊ देऊ नका, विकत घेणारा दारात उभा असला तरी. शेजारच्या पोल्ट्रीवर मदतीला जाऊ नका, त्यांनाही बोलावू नका, चौकशी फोनवरूनच. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवा आणि कोणाला, किती वाजता कळवले ते त्याच वहीत लिहून ठेवा. भरपाईच्या वेळी किती पक्षी होते, किती आधी मेले, यावरून वाद होतो तेव्हा तारीखवार वही हाच पुरावा ठरतो. कळवल्यावर दोन दिवस कोणी आलेच नाही, असेही होते. अशा वेळी ग्रामपंचायतीमार्फत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

परसातल्या कोंबड्यांसाठी वही जमणार नाही. तिथे घरातल्या बाईला कोणती कोंबडी केव्हा मेली हे तोंडपाठ असते. अडचण अशी, की मारायला पथक येते तेव्हा गावरान कोंबडीला मिळणारा दर आणि बाजारात तिला मिळणारी किंमत यांत फार अंतर असते. त्यामुळे कोंबड्या माळ्यावर, नातेवाइकांकडे, शेतातल्या खोपटात लपवल्या जातात. बचत गटाच्या बैठकीत कृषी सहायक किंवा पशुसखीने साथ नसताना ही चर्चा केली, तर उपयोग होतो. साथ आल्यावर पोलिसांसह गेलेल्या पथकाचे कोणी ऐकत नाही.

मेळाव्यातल्या त्या पोल्ट्रीधारकांचा नंतर एकदा फोन आला होता. त्यांच्या शेडमध्ये एका रात्रीत साठ पक्षी मेले होते आणि त्यांनी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवले होते. निदान मानमोडीचे निघाले. शेड वाचली नाही, पण कोणी मारायलाही आले नाही. "साहेब, चार दिवस झोप नव्हती," एवढेच म्हणाले. करारात त्या कलमाची भर घालायला कंपनीने अजून होकार दिलेला नाही, हेही त्यांनी सांगितले.